कानामागची टिकली

न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिथं पूर्वी मुद्रांक विकणाऱ्यांची टेबलं मांडलेली असत, तिथं आता पांढऱ्या पडद्यांची एक खोली झाली होती. त्रिशला मगदूम त्या खोलीत मान वाकवून बसली होती आणि एक नर्स तिच्या कानामागे स्पिरिटचा बोळा फिरवत होती. समोरच्या खुर्चीवर तिचा धाकटा भाऊ सन्मती. त्याच्या कानामागची टिकली आधीच बसवून झाली होती. मसुराच्या दाण्याएवढी, कातडीच्या रंगाची चकती. सरकारी कागदांत तिला ‘सहस्पंद संच’ असं भारदस्त नाव होतं, पण लोकांनी पहिल्या महिन्यातच तिचं बारसं करून टाकलं होतं. टिकली. जामीनदाराची एक, आरोपीची एक.

“दुखतंय काय, अक्का?” सन्मतीनं विचारलं.

“डास चावल्यागत वाटलं बघ.”

नर्सनं भिंतीवरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि त्रिशलाच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. तळहात ओले झाले. कशाची भीती वाटतेय, ते काही केल्या कळेना. तिनं मान वर करून सन्मतीकडे पाहिलं. तो हसत होता. जेलातल्या मुलाखतीच्या जाळीपलीकडून आठ वर्षं तो असाच हसत आला होता आणि ती दर वेळी ‘पोरगा बरा आहे’ म्हणून निश्चिंत मनानं घरी जात होती. आत हे असं चाललेलं असायचं तर! त्रिशलाला तिथंच रडू फुटलं.

सन्मती चौगुले इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करणं हे त्याचं काम. मालकानं जुने माग भंगारात काढून नवे, माणसाशिवाय चालणारे माग आणायचं ठरवलं, तेव्हा सन्मतीचं आणि त्याचं भांडण झालं. “जाळून टाकीन कारखाना!” असं तो चारचौघांत ओरडला. आपल्याकडे रागाच्या भरात माणसं तोंडानं काय काय जाळतात आणि कुणाकुणाचे मुडदे पाडतात. बहुतेकांचे माग, घरं, माणसं दुसऱ्या दिवशी जागच्या जागी असतात. सन्मतीचं नशीब फुटकं. त्याच आठवड्यात कारखाना खरंच जळाला आणि रातपाळीला असलेला इराण्णा तेली आत होरपळून मेला. सन्मतीवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

‘त्या रात्री तो माझ्याच घरी, माडीवर झोपला होता,’ असा जबाब त्रिशलानं दिला. तो तिनं मनापासून दिला होता, कारण रात्री त्याचं अंथरूण तिनंच घातलं होतं आणि सकाळी चहाला तो माडीवरूनच खाली आला होता.

मग खटला उभा राहिला आणि उभाच राहिला. न्यायाधीश बदलले, सरकारी वकील बदलले, दोन पंच वारले, एक साक्षीदार दुबईला गेला. आरोपी तेवढा तोच राहिला. असे खटले न चाललेले, गुन्हा शाबीत न झालेले लोक जेलात इतके साठले की त्यांना झोपायला पाळ्या लावाव्या लागत. खुनाच्या आरोपीला जामिनावर सोडायला न्यायालयाचं मन धजत नव्हतं आणि न चालणाऱ्या खटल्यापायी डांबून ठेवायलाही धजत नव्हतं. त्या कोंडीतून ही टिकली निघाली.

टिकली बसवण्याआधी जामीनदारांसाठी एक दिवसाचं शिबिर असे. ते घ्यायला टिकलीचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, डॉक्टर नीलांबरी सोवनी, स्वतः आल्या होत्या. बाई बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत.

“आईच्या छातीवर बाळ झोपलं, की दोघांच्या काळजाचे ठोके हळूहळू जुळतात,” त्या म्हणाल्या. “एका तालात भजन म्हणणाऱ्यांचेही जुळतात. शरीर शरीराला ऐकतं, हे जुनंच आहे. आम्ही त्याला लांबचा पल्ला दिला, इतकंच. आरोपीची टिकली त्याच्या ठोक्यांमधली अंतरं मोजते, घाम मोजते, श्वास मोजते. ते सगळं मोबाइलच्या टॉवरवरून तुमच्या टिकलीकडे येतं. मेंदूपासून काळजापर्यंत आणि तिथून पोटापर्यंत एक मोठा मज्जातंतू जातो. त्याची एक बारीक फांदी कानापाशी येते. तुमची टिकली त्या फांदीला अगदी हलका विजेचा स्पर्श करते आणि आरोपीच्या शरीराची जी अवस्था, तीच तुमच्या शरीरात उमटते. पळून जायचं माणूस मनात ठरवतो, त्याच्या आधी कित्येक तास त्याचं शरीर तयारीला लागलेलं असतं. ते तुम्हाला कळेल. तुम्ही पोलिसांना कळवायचं. कायदा जामीनदाराला नेहमीच सांगत आला, या माणसाची हमी घे. पण आत डोकावायला खिडकी दिली नव्हती. ही खिडकी.”

मग त्या म्हणाल्या, “एक लक्षात ठेवा. आत वादळ आहे, एवढंच टिकली सांगेल. ते कशाचं आहे, ते ती सांगणार नाही.”

मागच्या बाकावरचा एक फेटेवाला म्हणाला, “म्हंजे पोटात दुखतंय ते कळंल, पण काय खाल्लंय ते कळायचं न्हाई.” सगळे हसले. त्रिशलाही हसली. त्या हसण्यात बाईंचं वाक्य वाहून गेलं.

पहिले काही महिने तसे बरे गेले. त्रिशला एका कापड कारखान्यात मेंडिंगला होती. तयार कापडावरून हात फिरवून तुटलेला, चुकलेला धागा शोधायचा आणि सुईनं तो दुरुस्त करायचा, हे तिचं काम. कामात असताना मधेच काळीज हललं की तिला कळे, सन्मतीजवळून पोलिसांची गाडी गेली असेल. पोट एकदम निवलं की कळे, अंघोळीला बसला असेल. आठ वर्षांनी दाराला आतून कडी लावून अंघोळ! तिला हसू येई आणि मागोमाग डोळे भरून येत.

सूर्य कलायला लागला की मात्र तिची छाती आवळून यायची. जेलात त्या वेळी बराकींना कुलपं लागत. सन्मती आता त्रिशलाच्या ओसरीवर बसून शेंगा सोलत असे, दार सताड उघडं असे, तरी त्याच्या अंगाला अजून कुलूप ऐकू यायचं. ते तिच्याही अंगाला ऐकू येऊ लागलं. ती उगाच उठून दारापर्यंत जाऊन यायची.

“जेलात जेवायला काय घालत होते रे?” तिच्या नवऱ्यानं, बाहुबलीनं, एकदा विचारलं.

“दिवस मावळायच्या आत वाढायचे, दाजी,” सन्मती म्हणाला. “बाहेर असताना आईनं किती डोकं आपटलं, पण आपला जैनांचा रात्रीचं न जेवायचा नेम माझ्याच्यानं कधी पाळवला न्हाई. जेलरनं आठ वर्षं बिनचूक पाळून घेतला.”

तिघंही पोट धरून हसले. त्रिशलानं पोटावर हात दाबला. हसणाऱ्या सन्मतीचं पोट आतून दगडासारखं घट्ट होतं.

पुढे ती एकेक गोष्ट टिपायला लागली. गॅस पेटवताना काडी ओढली आणि सन्मती त्याच खोलीत असला, तर तिचा श्वास अडके. इराण्णाचं नाव निघालं तर घाम फुटे. एकदा बाजारात इराण्णाची बायको रेणुका दिसली. सन्मती लांबूनच गल्लीत वळला आणि घरी भाकरी थापत बसलेल्या त्रिशलाच्या पोटात असा काही खड्डा पडला की तिच्या हातची भाकरी मोडली. भीती तिला आता ओळखता येई. ही नुसती भीती नव्हती, तिच्या बुडाशी आणखी काहीतरी होतं, आणि त्याला शरम म्हणायचं की पाप, ते तिला ठरवता येईना.

“जाळात माणूस मेलाय, मग जाळाला भ्यायचा न्हाई तर काय?” बाहुबली म्हणाला.

“पण तो तिथं नव्हता की,” त्रिशला म्हणाली. “तो माडीवर झोपला होता. जो जाळ बघितलाच न्हाई, त्याला अंग कसं भितंय?”

शंका म्हणजे वाळवी. एकदा घरात शिरली की आधी आवाज येत नाही आणि मग थांबत नाही. सन्मतीनंही काहीतरी ताडलं असावं. अक्काला त्रास नको म्हणून तो सावध जगू लागला. स्वयंपाकघरात येईना, कुणाशी वाद घालेना, छाती धडधडली की लांब लांब श्वास घेई. त्रिशलाला तो संथ, ओढून आणलेला श्वास आपल्या छातीत जाणवे आणि वाटे, हा माझ्यापासून लपवतोय. मधे खटल्याची तारीख लागली आणि नेहमीप्रमाणे पुढे गेली.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे उपवास झाले, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गर्दी झाली आणि क्षमावणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी जैन माणूस भेटेल त्याच्यापुढे हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. वर्षभरात कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा, असा त्याचा अर्थ. शेजारी शेजाऱ्याला म्हणतो, सासू सुनेला म्हणते, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो. त्यात गुन्ह्याची कबुली नसते. उंबऱ्यावरची धूळ झाडावी तशी ती वर्षाकाठची झाडलोट असते. त्रिशलानं जन्मभर हजार वेळा ‘उत्तम क्षमा’ म्हटलं होतं आणि त्यातल्या नऊशे वेळा तिच्या हातून काहीसुद्धा घडलेलं नव्हतं.

बस्तीतून ती घरी आली. सन्मती कुठेतरी जाऊन येतो म्हणाला होता. ती पाणी भरत होती, तेवढ्यात तिच्या अंगात कल्लोळ उसळला. असा पूर्वी कधी उसळला नव्हता. कळशी हातातून सुटली. ती न्हाणीच्या दगडावर बसली. तोंडाला धुराची चव आली आणि कशासाठी ते न कळता ती हुंदके देऊन रडू लागली. बाहुबली धावत आला तेव्हा ती एवढंच म्हणत होती, “त्यानं केलंय. त्यानंच केलंय.”

दुपारपर्यंत गल्लीत बातमी आली. सन्मती चौगुले इराण्णा तेल्याच्या दारात गेला होता. रेणुकाच्या पायावर डोकं ठेवून ‘उत्तम क्षमा’ म्हणाला, ढसाढसा रडला. आणखीही काही बोलला, पण दार लोटून घेतल्यामुळे ते कुणाला ऐकू आलं नाही. तेली जैन नव्हते. त्यांच्या गल्लीत त्या शब्दांचा एकच अर्थ लागला आणि सहा तोंडांतून फिरून तो त्रिशलाच्या घरी आला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिलाही तोच अर्थ लागला.

सन्मती आला. त्याचे डोळे सुजले होते.

“रेणुकाकडं कशाला गेलतास?”

“क्षमा मागायला. आज सगळ्यांचीच मागत्यात की, अक्का.”

“सगळ्यांची अशी मागत न्हाईत. माझ्या अंगात काय झालं ते मला म्हाईत हाय. खरं सांग. तू जाळलास?”

आठ वर्षं सन्मतीनं पोलिसांना, वकिलांना, चार न्यायाधीशांना ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं. अक्काला कधी सांगावं लागलं नव्हतं, कारण तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्रिशलाच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखी कळ आली आणि मग सगळं गार पडलं.

“तुझं अंग सांगतंय ते खरं, का मी सांगीन ते खरं?” त्यानं हळूच विचारलं.

तिचा हात आपसूक कानामागच्या टिकलीकडे गेला.

“मग मी कशाला बोलू?” तो म्हणाला आणि माडीवर निघून गेला.

जामीनदाराला आपली हमी केव्हाही काढून घेता येते. ही मुभा जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही. त्रिशलानं त्या आठवड्यात हमी काढून घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, “आरोपी पळून जाईल असं वाटतं का?” ती म्हणाली, “न्हाई साहेब. पण मला त्याची हमी देववत न्हाई.” पोलिसांनी सन्मतीला नेलं. जाताना तो पुन्हा तसाच हसला. नर्सनं तिच्या कानामागची टिकली चिमट्यानं काढली आणि डबीत टाकली.

तरी अंग ऐकतच राहिलं. सूर्य कलला की छाती आवळायची. पहाटे जेलात शिरगणतीची घंटा होते, त्या वेळी ती दचकून जागी व्हायची आणि आता तर तो खरोखरच तिथं होता. डॉक्टर सोवनींना तिनं फोन केला. बाई म्हणाल्या, “हे त्याचं नाही. तुमच्याच शरीराला सवय लागली आहे. जाईल हळूहळू.”

आणि खरंच, थंडी सरता सरता ते गेलं. तिन्हीसांज आली आणि काहीच झालं नाही. आपली छाती आपल्या मालकीची झाली. घरात मयत होऊन पाहुणे परतल्यावर जशी शांतता पडते, तशी ती शांतता होती. तिला ती सोसेना.

अशाच एका दुपारी रेणुका दारात उभी राहिली. त्रिशलानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. रेणुका ते प्यायली नाही.

“ताई, तुमी जामीन काढून घेतला म्हणून माहेरास्नं आल्यावर ऐकलं. का काढला?”

“तुझ्याकडं त्यानं कबूल केलं न्हवं?”

“काय कबूल केलं?” रेणुका म्हणाली. “आग त्यानं न्हाई लावली. सुताच्या गोदामात वायर जळाली. त्यांनी दोघांनी मिळून बघितली.”

रेणुका सांगत गेली. मालकानं कामावरून काढल्यावर सन्मतीची हत्यारं कारखान्यातच राहिली होती. तुम्ही झोपल्यावर तो ती आणायला गेला. इराण्णानं त्याला मागच्या दारानं आत घेतलं. चहा ठेवला. तेवढ्यात गोदामाच्या छताची वायर दोघांच्या डोळ्यांदेखत पेटली आणि वरून जाळ आला. पळताना सुतानं भरलेला बीमचा जड रूळ इराण्णाच्या पायावर कोसळला. सन्मतीनं त्याचा हात धरून ओढलं, पुष्कळ ओढलं. मग स्वतःच्या बाहीला जाळ लागला.

“तवा त्यानं हात सोडला,” रेणुका म्हणाली. “सोडला आणि पळाला. ‘मी हात सोडला, वहिनी, त्याची बोटं मी माझ्या हातातनं सोडवली,’ म्हणून रडत होता. त्याची क्षमा मागायला आलता. मी केली. माझ्यापण हाताला चटका बसला असता तर मीबी सोडला असता.”

“मग आठ वर्षं बोलला का न्हाई?” त्रिशला जवळजवळ ओरडली.

“मी तेच विचारलं. म्हणाला, तिथं होतो म्हटलं की फासावर जातोय आणि अक्कानं दिलेला जबाब खोटा पडतोय. तिलापण आत घेतील.”

त्रिशला भिंतीला टेकून खाली बसली. अंगानं तिला सगळं खरं सांगितलं होतं. जाळ खरा होता, पाप वाटणं खरं होतं, लपवणंही खरं होतं. त्या सगळ्याची बेरीज मात्र तिनं केली होती आणि आठ वर्षं ज्या भावाला तिला काही विचारावं लागलं नाही, त्याच्यावर तिनं ती बेरीज लादली होती. तिला स्वतःची किळस आली.

एकदा हमी काढून घेतलेल्या माणसाला त्याच आरोपीचा जामीनदार पुन्हा होता येत नाही, असा नियम होता. “मी ऱ्हातो जामीन,” रेणुका इकडच्या बायकांच्या मर्दानी रीतीनं म्हणाली. “मेलेल्याच्या बायकोनं राहू नये असं कायद्यात कुठं लिवलंय? आणि कोर्टात विचारलं तर सगळं सांगतो.”

हे सांगायला त्रिशला जेलात गेली. मुलाखतीच्या खोलीत आता जाळीच्या जागी जाड काच होती आणि दोन्ही बाजूंना फोन होते. सन्मती वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. तिनं फोन कानाला लावला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. रेणुका आली होती. मला कळलं. माझा जबाब खोटा पडला तर पडू दे, माझं मी बघून घेईन. माझं चुकलं. रेणुका टिकली लावून घ्यायला तयार हाय. वकील म्हणतात, महिन्याभरात तू बाहेर.

सन्मतीनं सगळं ऐकून घेतलं.

“वहिनीला न्हाई म्हणून सांग,” तो म्हणाला.

“अरे, असं काय करतूस? खटला कधी उभा ऱ्हाईल देव जाणे!”

“राहू दे. तारीख लागली की वहिनीनं कोर्टात यावं, साक्ष द्यावी. पण टिकली नको.” त्यानं कानामागे हात नेला आणि तिथली कातडी चोळली. “अक्का, तुझ्याकडं होतो तवा मी भ्यायलासुद्धा भीत होतो. हिथं कुलूप लागतंय, मी भितो, तोंडावर चादर घेतो आणि पोटभर रडतो. कुणालाबी कळत न्हाई. पुन्हा कुणाच्या अंगात घालू नको मला.”

वेळ संपत आल्याची घंटा झाली. शिपाई सन्मतीच्या मागे येऊन उभा राहिला.

“सन्मती, एवढं सांग,” ती घाईघाईनं म्हणाली. “माझ्यावर राग हाय काय तुझा?”

“न्हाई, अक्का,” तो म्हणाला आणि हसला. “तुझ्यावर कसला राग?”

त्यानं फोन ठेवला. त्रिशला फोन तसाच कानाला धरून, दुसरा हात छातीवर दाबून उभी राहिली. हे खरं की खोटं, ते अंगानं सांगावं म्हणून ती वाट पाहत होती. काचेपलीकडे शिपायानं त्याला आत नेलं, दार लागलं, पुढच्या कैद्याची बहीण की बायको येऊन ‘बाई, सरका की’ म्हणाली, तरी ती वाटच पाहत होती.